तांब्याचे दिवे आणि एक ट्यूब

सासरी कुणाला काय कमी पडतं, कुणाला काय. मला उजेड कमी पडला. मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात. कासार आंबोलीसारखं गाव, डोंगराच्या पायथ्याशी स्वतःचा बंगला, पुढेमागे मोकळी जागा, आणि ही म्हणते उजेड नाही! तुझं आपलं काहीतरीच, म्हणतात. पण खरंच नव्हता. त्या घरात दिवे ढीगभर होते आणि उजेड नव्हता.

आधी दिव्यांचं सांगते, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे. माझे सासरे इंजिनिअर. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं परदेशात. तिथल्या जुन्या बाजारांतून त्यांनी हे दिवे एकेक करून जमवले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. त्या काळी म्हणे विलायतेत आणि अमेरिकेत काही कारागीर कारखान्याच्या मालाला विटले. एकासारखी एक निघणारी वस्तू नको, आम्ही हातानं करू, साधी करू, भक्कम करू, आणि हातोडीच्या खुणा लपवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ह्या दिव्यांच्या तांब्याच्या बैठकीवर सगळीकडे ठोके दिसायचे. वर अभ्रकाच्या पातळ तुकड्यांची टोपी, तांब्याच्या पट्ट्यांत रिव्हेट मारून बसवलेली. आत बल्ब पेटला की अभ्रकातून पिवळा-तांबूस उजेड पाझरायचा. बाबा त्याला मधाचा उजेड म्हणायचे. मला तो काढ्याचा वाटायचा.

जन्मभर कारखान्यात नोकरी केली, आणि घरी कारखान्याला विटलेल्या माणसांचे दिवे लावून बसले. ह्यातली गंमत बाबांना कधी दिसली नाही, आणि सुनेनं ती दाखवायची नसते.

दिव्यांना शोभावं म्हणून सगळं घरच त्यांनी त्या रंगाचं केलं होतं. गडद पडदे, गडद लाकूड, भिंती विटकरी. खिडक्यांचे पडदे दिवसासुद्धा ओढलेले, का तर बाहेरचा पांढरा उजेड आत आला की दिवा मरतो. हे त्यांचे शब्द. ट्यूब नाही, एलईडी नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर एक लोखंडी चौकटीचा कंदील टांगलेला, त्याला बुडबुड्यांची हिरवी काच. त्या हिरव्या उजेडात मी पाच वर्षं भाजी चिरली. मिरची लाल की हिरवी हे मी वासावरून ओळखायला शिकले. डाळीत खडा निघाला की नवरा जेवताना थांबायचा, दाताखालचा खडा हळूच ताटाच्या कडेला ठेवायचा आणि काही न बोलता पुढे जेवायचा. त्याच्या त्या समंजसपणाचा मला इतका राग यायचा की विचारू नका. अरे, बोल की! ओरड! म्हण, ह्या घरात माणसाला डाळ निवडता येत नाही!

आम्ही तिथं राहायला गेलो नव्हतोच मुळी. वाकडला आमचं भाड्याचं घर होतं, दोघांच्या नोकऱ्या हिंजवडीत. सासूबाई अचानक गेल्या. तेराव्यापर्यंत थांबू म्हणून गेलो, दोन बॅगा घेऊन. तेरावं झालं. बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते, कुणाशी बोलत नव्हते. नवरा म्हणाला, महिना-पंधरा दिवस राहू. मग वर्षश्राद्धापर्यंत म्हणाला. मग त्यानं म्हणणंच सोडलं. माझी कंपनी घरून काम करू देते, ते एक निमित्त झालं. वाकडचं सामान एका टेम्पोत मावलं आणि मागच्या खोलीत जाऊन पडलं. त्यातल्या अर्ध्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या मी कधी काढल्याच नाहीत.

दिवसभर मी त्या काढ्याच्या उजेडात लॅपटॉप उघडून बसायची. लॅपटॉपचा पडदा हाच त्या घरातला सगळ्यात लख्ख दिवा. मी मूळची परभणीकडची. आमच्याकडे ऊन म्हणजे नको नको होतं, अंगणात पाय ठेवला की डोळे मिटतात. त्या उन्हाला लहानपणी मी शिव्या घातल्या, आणि आता मीटिंग चालू असताना पडद्याच्या फटीतून आत आलेल्या उन्हाच्या रेघेवर पाय ठेवून बसायची. पावसाळ्यात तर तेही नाही. मुळशीचा पाऊस एकदा बसला की महिनोन् महिने उठत नाही. डोंगर दिसत नाही, समोरचं खाचर दिसत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, आणि वीज गेली की हे सव्वाशे वर्षांचे दिवे नुसते तांब्याचे ठोकळे होऊन बसतात. मग मी देवघरातलं निरांजन ओट्यावर आणून पोळ्या लाटायची.

समोर गावातल्या एक काकू राहतात. ही जागा बाबांनी त्यांच्याच घरच्यांकडून घेतली. त्यांच्याकडून आमच्याकडे दूध येतं. एकदा दूध द्यायला आल्या आणि दारातूनच आत डोकावत म्हणाल्या, "अवो वहिनी, आत काळोखात काय करताय? हितं या की बसाया आमच्याकडं. वसरीला लई उजेड हाय."

मी म्हटलं, "काम असतं हो काकू."

"काम तर मोठ्या बाईंना बी असायचं. त्या यायच्या दुपारच्या. तांदूळ घिऊन यायच्या निवडाया. म्हणायच्या, घरात खडा दिसत न्हाई."

मला वाटलं, सासूबाईंना सोबत हवी असेल. गप्पा मारायला जात असतील. मी दुधाचं पातेलं घेऊन आत आले.

दिव्यांचे नियम होते. मऊ सुक्या ब्रशनं धूळ झटकायची, बस. पाणी नाही, साबण नाही, फडकंसुद्धा दाबून फिरवायचं नाही. तांब्यावर जो काळपट-तपकिरी थर चढला होता तोच म्हणे त्या दिव्यांचा जीव. "ही घाण नाही बरं का," बाबा पाहुण्यांना सांगायचे, "ही शंभर वर्षं आहेत. घासली की गेली." पाहुणे मान डोलवायचे. मी मनात म्हणायचे, असेल बाबा, आमच्या परभणीला ह्याला काजळी म्हणतात.

त्यातला सगळ्यात मोठा दिवा दाराशी, शिसवी टेबलावर. घडवंचीवरच्या घागरीएवढी बैठक, वर निमुळती मान, आणि टोपीखाली पितळी साखळी. साखळी ओढली की लागतो. त्याची टोपी जड, त्यामुळे नुसती साखळी ओढली तर अख्खा दिवा पुढे झुकतो. एका हातानं धरावाच लागतो. मानेवर एका बाजूला थर जास्त गडद होता, जवळजवळ काळा, आणि तुकतुकीत. बाबा हा दिवा स्वतःच लावायचे, रोज, दिवेलागणीला. मानेला हात न लावता. वाकून, बैठकीला खालून कवेत घेऊन, कसरत करत. त्यांची कंबर दुखायची. मी एकदा म्हटलं, "बाबा, मानेला धरा की, सोपं पडेल." ते म्हणाले, "तू धरू नकोस. साखळी मी ओढत जाईन." मला वाटलं, आहे आपला विक्षिप्तपणा.

ट्यूबचा विषय मी पहिल्याच वर्षी काढला. फक्त स्वयंपाकघरात, एकच. बाबा रागावले नाहीत. तेच तर. रागावले असते तर मला भांडता आलं असतं, आणि भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ते म्हणाले, "पुढच्या दिवाळीला बघू." पुढच्या दिवाळीला म्हणाले, पुढच्या दिवाळीला बघू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मग मी ट्यूबचा नाद सोडला आणि घर सोडण्याच्या मागे लागले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा बावधनला फ्लॅट होता, भाड्यानं द्यायचा होता. वरचा मजला, पूर्वेला मोठी खिडकी. मी बघायला गेले तर सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलं होतं. मी त्या ओट्यावर हात ठेवला, तो गरम होता, आणि मैत्रिणीसमोर मला रडूच आलं. तिला वाटलं मला बरं नाहीये. ती म्हणाली, श्रावण लागेपर्यंत मी कुणाला देत नाही, तू ठरव.

ठरवायचं माझ्या हातात असतं तर मी त्याच दिवशी चादर आणून टाकली असती. पण बाबा दिवे सोडून कुठे जायला तयार नव्हते. दिव्यांना पुण्यातला फ्लॅट चालणार नव्हता. बाबांना सोडायला नवरा तयार नव्हता. आणि नवऱ्याला सोडून जावं इतका काही तो वाईट नव्हता. अशी ही साखळी, आणि साखळीच्या टोकाला मी. आठवडाभर भांडल्यावर नवरा एकदाचा म्हणाला, "बरं, मी बोलतो बाबांशी. आपण राहू तिकडे, शनिवार-रविवार इथं येऊ. पण अमावस्या जाऊ दे. अमावस्येला असलं काही बोलू नये." आषाढ संपत आला होता. म्हटलं, इतकी वर्षं थांबले, चार दिवसांनी काय होतंय.

त्या चार दिवसांत परभणीहून माझी आई आली.

आई पहिल्यांदाच येत होती. लेकीच्या घरी उगीच जाऊन राहायचं नसतं, ह्या मताची ती. पण ह्या खेपेला मी फोनवर काहीतरी रडले असणार. दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकली. "अगं माय, दिवस बुडाला का काय?" म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते. मग डोळे सरावल्यावर तिला दिवे दिसले. तिनं एकेका दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. घरात विहीणबाई आल्या म्हणून बाबांनी पानसुपारीचं तबक पुढे केलं, प्रवास कसा झाला विचारलं. विहिणीचा मान मोठा. तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही, तिला वाकडं बोलायचं नाही. बाबा ह्या बाबतीत अगदी जुने.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. दिव्यांची अमावस्या. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे गटारीचे बेत करत होते, कुठे जायचं, काय मागवायचं. नवरा सकाळीच हिंजवडीला गेला. बाबा बँकेच्या कामाला पौडला गेले. मला सकाळपासून मीटिंग. दार लावून, कानाला हेडफोन लावून बसले. आईला म्हटलं, "तू आराम कर. कशाला हात लावू नको." मी कामाबद्दल म्हणत होते. स्वयंपाकाला हात लावू नकोस, मी येऊन करते, असं मला म्हणायचं होतं.

तर ह्या दिवशी काय करतात, की घरातले सगळे दिवे काढायचे. समई, निरांजन, लामणदिवा, असतील नसतील तेवढे. चिंच लावून लख्ख घासायचे, पाटावर मांडायचे, भोवती रांगोळी, हळद-कुंकू, फूल, आघाडा. कणकेचे गोड दिवे करायचे आणि तूप घालून खायचे. माझ्या आईनं हे उभ्या जन्मात चुकवलेलं नाही. आणि लेकीच्या घरात तिला काय दिसलं? दिवेच दिवे, तांब्याचे, ठोक्याचे, आमच्या घरच्या घंगाळासारखे. आणि कुणी वर्षानुवर्षं हात न लावल्यासारखे काळेठिक्कर. तिला वाटलं, विहीणबाई गेल्या, लेक नोकरीत बुडाली, घराचे दिवे काळे पडले. लोक काय म्हणतील माझ्या लेकीला!

मीटिंग संपवून मी बाहेर आले तर हॉलचे पडदे उघडे. चारी खिडक्यांचे. आणि जमिनीवर पाट, पाटावर रांगोळी, आणि मध्ये आमची समई नि निरांजन, आणि त्यांच्या आजूबाजूला बाबांचे सगळे दिवे. अभ्रकाच्या टोप्या सुक्या पंच्यानं पुसून दिवाणावर नीट ओळीनं ठेवलेल्या, वायरी गुंडाळून रबर लावलेलं. आणि तांबं! देवा रे. नव्या पैशासारखं तांबं. लालगुलाबी, चकचकीत, ठोक्याठोक्यात खिडकी दिसत होती. प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट.

आई पदराला हात पुसत आली. "बघ की गं," म्हणाली, "कसे दिसायलेत! कवाचे कळकटले होते. ह्या मोठ्याच्या मानेपाशी मात्र काही केल्या निघंना. दोनदा चिंच लावली, मीठ लावलं, तवा कुठं निघालं."

मी तिथंच पाटापाशी बसले. तिला वाटलं मला भरून आलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काय बोलणार? म्हणणार, आई, तू काय करून बसलीस? दिव्यांच्या अमावस्येला दिवे घासले हा गुन्हा कुठल्या तोंडानं सांगायचा? आणि एक गोष्ट सांगून टाकते, त्या क्षणीसुद्धा मला ते घर आवडलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्या हॉलच्या भिंतीवरचा रंग दिसला.

बाबा दुपारच्या एसटीनं आले. छत्री मिटली, दारात चपला काढल्या, वर बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मनात म्हणत होते, ओरडा. माझ्यावर ओरडा, आईवर नको. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. मग चालत पाटापाशी आले आणि जड गुडघ्यानं खाली बसले. मोठ्या दिव्याच्या मानेवर त्यांनी दोन बोटं टेकवली, कुंकू चुकवून.

"इथं तिचा हात होता," ते म्हणाले.

कुणाला उद्देशून नाही. अगदी हळू. आईला ते ऐकूच गेलं नाही, ती कणकेच्या दिव्यांचं ताट घेऊन येत होती. मला ऐकू गेलं, आणि मग सगळं उलगडलं. तो काळा, तुकतुकीत डाग. ती खालून कवेत घेण्याची कसरत. सासूबाई रोज संध्याकाळी एका हातानं मान धरायच्या आणि दुसऱ्या हातानं साखळी ओढायच्या. बाबा शंभर वर्षं शंभर वर्षं म्हणायचे, पण जपत होते ते एवढंच.

आई म्हणाली, "दादा, घ्या. तूप वाढू का?"

बाबा उठले, हात धुतले, ताटावर बसले. कणकेचे दोन दिवे त्यांनी तूप घालून खाल्ले. घासागणिक पाणी पीत होते. मग म्हणाले, "छान झालेत, विहीणबाई. दिवेसुद्धा लख्ख निघाले." आईचा चेहरा असा उजळला! चार दिवसांनी ती परभणीला गेली आणि तिनं सगळ्या आळीला सांगितलं, लेकीच्या सासऱ्यांनी माझं कौतुक केलं. आजतागायत तिला खरं काय ते माहीत नाही. सांगायची माझी हिंमत नाही.

रात्री नवरा आला. हॉलकडे बघून त्याचं तोंड उतरलं. मी सांगितलं ते ऐकून तो ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, "आता कसं विचारायचं गं? आता त्यांना सोडून जातो म्हणू?" मला त्याला फाडून खावंसं वाटलं, आणि तो म्हणत होता ते बरोबर होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. श्रावण लागला, मैत्रिणीचा फोन आला. मी म्हटलं, दे दुसऱ्या कुणाला. फोन ठेवला आणि मागच्या खोलीत वाकडच्या खोक्यांवर जाऊन बसले. तिथं मी माझ्या आईला शिव्या घातल्या, सासूबाईंना घातल्या, त्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना तर पोटभर घातल्या. माणसांना कारखान्यातून सोडवायला निघाले होते म्हणे!

त्या दिवसापासून बाबांनी दिवे लावणं बंद केलं. पडदे ओढायचं सोडलं नाही, पण दिवे लावायचे नाहीत. संध्याकाळ व्हायची, घरात अंधार दाटायचा, आणि ते खुर्चीत तसेच. पहिल्या दिवशी मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी राहवेना. दिवेलागणीला घर काळोखात ठेवायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी गेले, मोठ्या दिव्याची मान डाव्या हातानं धरली आणि साखळी ओढली. बाबांनी बघितलं. मग ते माझंच काम झालं. पोळ्यांची कणीक भिजवून येऊ दे, भांडी घासून येऊ दे, मीटिंगमधून उठून येऊ दे, संध्याकाळी मान धरायची, साखळी ओढायची. मला ट्यूब हवी होती, आणि मी रोज स्वतःच्या हातानं काढ्याचा उजेड लावत होते. वर ट्यूबबद्दल बोलायची आता सोयच उरली नव्हती. दुखावलेल्या माणसाकडे काही मागता येत नाही.

तांबं हळूहळू पुन्हा मंद होत गेलं. आधी लालीवरून तपकिरीवर आलं. आमच्याकडच्या दमट हवेत त्याला वेळ लागत नाही. पण मानेवर एका बाजूला ते जास्त लवकर काळं पडत होतं. हे माझ्या लक्षात आलं ते उन्हाळ्यात, ब्रशनं धूळ झटकताना. पाच बोटांचा ठसा नाही, पण तळव्याचा आणि अंगठ्याचा स्पष्ट. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. बरोबर बसला. हात झटकन काढून घेतला आणि साडेपाच-सहाचं ऊन असताना बाहेर पळाले, समोरच्या काकूंच्या ओसरीवर जाऊन बसले. काकू तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "आलात व्हय? मला वाटलंच हुतं, येशाल कवातरी. बसा." आणि सूप सरकवून मला उन्हाकडची बाजू दिली. तिथं कोण बसायचं ते मला न सांगता कळलं.

मग पुन्हा आषाढ आला. पुन्हा अमावस्या. ह्या खेपेला आई नव्हती. मी घरच्या समईसाठी आणि निरांजनासाठी चिंच भिजत घातली होती. पाऊस कोसळत होता, वीज सकाळीच गेलेली. मी ओट्यापाशी निरांजन घासत होते, आणि बाबा मोठा दिवा छातीशी धरून आत आले. टोपी काढून ठेवली होती, वायर खांद्यावर. त्यांनी तो ओट्यावर, चिंचेच्या वाटीशेजारी ठेवला.

"हा पण घास," म्हणाले.

"नको बाबा," मी म्हटलं. "आत्ता कुठे जरा रंग धरतोय."

"कुणाचा?"

मी निरांजन घासत राहिले. त्यांनी दिवा वळवला. मानेवरचा तो डाग माझ्याकडे केला.

"हा तुझा हात आहे," ते म्हणाले. "मी गेले दोन महिने बघतोय." मग ते खिडकीकडे वळले. खिडकीला पडदा होता. "तिलाही ट्यूब हवी होती," म्हणाले. "इथंच, ओट्यावर. एकच. मी म्हणायचो, पुढच्या दिवाळीला बघू."

माझ्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. बाबांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, त्या घरात कुणाचाच कधी नीट दिसला नाही. मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला. सासूबाईंचा हात चार वर्षं जपणारा हा माणूस, तो हात रोज दिवा लावून पुन्हा ह्याच अंधारात डाळ निवडायला यायचा हे ह्याला आत्ता कळतंय!

"घास म्हटलं ना," ते म्हणाले. "आणि श्रावण संपला की निघा तुम्ही दोघं. त्याला मी सांगतो."

मी चिंचेचा गोळा उचलला आणि मानेवर घासला. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल. लागला नाही. माझा हात एका घासण्यातच निघाला. खालचं तांबं लालगुलाबी दिसायला लागलं, आणि मला आईचे शब्द आठवले, दोनदा चिंच लावली, मीठ लावलं, तवा कुठं निघालं. मी नळ सोडून ओल्या फडक्यानं पुसत राहिले, पुसून झालं तरी पुसत राहिले, कारण मान वर केली असती तर बाबांना माझं रडणं दिसलं असतं.

संध्याकाळी वीज आली. मी दिव्याची टोपी बसवून तो पुन्हा दाराशी ठेवला होता. सवयीनं पुढे झाले. बाबा म्हणाले, "थांब." ते खुर्चीतून उठले, दिव्यापाशी आले. ह्या वेळी वाकले नाहीत. नुकत्याच घासलेल्या मानेला त्यांनी डाव्या हाताचा अख्खा तळवा लावला, घट्ट धरली, आणि साखळी ओढली.